कार्ड नंबर एक

१२ जानेवारी १९९७, रविवार

ही डायरी टूथपेस्टवाल्या कंपनीच्या एमआरने फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी हसऱ्या दातांची ओळ छापलीय. बघितली की डोकं फिरतं. पण कोरा कागद टाकून देणं आमच्या घरात बसत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

कोणी चोरून वाचलीच तर कळावं म्हणून सांगते: मी डॉक्टर अक्षता, तुर्भ्याच्या आमच्या वस्तीतली पहिली दातांची डॉक्टर. दवाखाना वाशीला, एका बिल्डिंगच्या जिन्याजवळचा गाळा. एक खुर्ची, एक कंप्रेसर. लाईट गेली की दोन्ही गप्प. पेशंटच्या खुर्चीत सध्या सगळ्यात जास्त मीच बसते, पेपर वाचत.

दसऱ्याला उघडला. बुद्धवंदना झाली, पेढे वाटले. आईला म्हटलं, बस खुर्चीवर, पहिली पेशंट तू. कार्ड नंबर एकवर तिचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. बयाबाई भगवान, वय बावन्न. तर ती विंचू दिसल्यासारखी मागे सरकली. म्हणाली, "मला कामून बसवायलीस? घरच्या मानसानं बोहनी करू न्हाई. परकं गिऱ्हाईक बसव." सगळे हसले. मान कसा घ्यायचा तेच तिला कळत नाही. कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे, नावाखाली कोरं.

त्याच दिवशी तिने माझ्या गळ्याची शपथ घेऊन मशेरी सोडली. तीस वर्षं तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून ती भुकटी दातांना घासत बसणारी बाई एका दिवसात सुटली! मी कॉलेजच्या मैत्रिणींना फोन करून करून सांगितलं.

आता मुद्द्याचं. वरच्या मजल्यावर उदयसिंह म्हणून एकांचं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे. काल खाली येऊन म्हणाले, "डॉक्टर, इंग्लंडात लोक दातांसाठी रडतात. तारीख मिळत नाही. आपण त्यांना इकडं आणू. तिकीट माझं, दात तुमचे. मधल्या दिवसांत महाबळेश्वर." पहिली पेशंट त्यांचीच आतेबहीण, लेस्टरहून येतेय वीस तारखेला.

हो म्हटलं. का नाही म्हणू? आतापर्यंत आमच्याकडची माणसं बाहेर जाताना बघितली. आता बाहेरून माझ्या खुर्चीवर येऊ देत की.

१५ जानेवारी, बुधवार

उदयसिंहांनी मला न विचारता पत्रकं छापली. गुळगुळीत कागद, पाचशे प्रती. "बारा दिवसांत नवी बत्तीशी!" आणि खाली माझं नाव.

मी ओरडलेच. "बत्तीशी म्हणजे काय रसवंतीतला ग्लास आहे? घातलं, फिरवलं, दिला हातात? हाड भरायला महिने लागतात. आधी तुमच्या बहिणीला फोन करून सांगा."

"जाहिरात आहे हो ती, डॉक्टर. टेन्शन काय घेता? सांगतो तिला."

गठ्ठा दवाखान्यात राहू नये म्हणून घरी न्यायचं ठरवलं. त्यांनीच व्हॅनने सोडलं. दारात आई चहा घेऊन आली, तर उदयसिंहांना एक अर्जंट फोन आठवला. या माणसाला नेमके आमच्याच दारात फोन आठवतात. मला कळत नाही असं त्याला वाटतं काय? आईने तो चहा परत पातेल्यात ओतला.

पत्रकं खाटेखाली ढकलली.

१८ जानेवारी, शनिवार

पेशंट दोन. एकाला दात काढायचा नव्हता, नुसता भाव विचारायचा होता.

आईला दसऱ्याला दिलेला ब्रश अजून दुकानातून आणल्यासारखा आहे. एक केस वाकलेला नाही. वस्तू जपावी तर आईने. खाटेखालची पत्रकंही कमी दिसली. वस्तीत वाटत असणार, लेकीचं नाव छापलंय म्हणून. मी रागावले नाही. तेवढं कौतुक करू दे तिला.

२० जानेवारी, सोमवार

मीनाताई आल्या. उदयसिंहांची लेस्टरची आतेबहीण. वय अठ्ठेचाळीस, साताऱ्याकडच्या, लग्न होऊन सत्तावीस वर्षं तिकडे. स्वेटर, खाली पंजाबी ड्रेस. बोलताना हात सारखा तोंडासमोर.

वरचे पुढचे चार दात. दोन दातांवर जुन्या कॅप, आणि कॅपखाली सगळं कुजलेलं. मुळाशी पू. हे दोन काढायचे. तिसऱ्याला रूट कॅनॉल. आणि यांना हवा आहे पक्का ब्रिज, बारा दिवसांत. बावीस फेब्रुवारीला मुलाचं लग्न, तिकडेच.

मी सरळ सांगितलं. दात काढल्यावर हिरडी दोन-तीन महिने बसत राहते. आजच्या मापाने ब्रिज केला तर पाडव्यापर्यंत त्याच्याखाली फट पडेल. अन्न अडकेल, वास येईल. शिवाय ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात घासून बारीक करायचे. ते एकदा घासले की देव आला तरी परत होत नाहीत. आणि तिकडे गेल्यावर काही बिघडलं तर तिथला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला सहजी हात लावणार नाही.

शेवटी मी जरा जोरातच बोलले. "तुम्ही विमानात बसून गेलात की तुमच्या तोंडात कोण बघणार?"

त्या उठून बसल्या. "एवढं होतं तर फोनवर सांगायचं! मी काय समुद्र ओलांडून तुमचं लेक्चर ऐकायला आले?"

पर्स उचलली आणि गेल्या.

उदयसिंहांनी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. खरं लिहायचं तर मीही फोन केला नव्हता. नंबर माझ्या टेबलावर होता. पेशंट हातचा जाईल म्हणून नाही केला. हे कोणासमोर कबूल करणार नाही, इथे करते.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळीच उदयसिंह तावातावाने. "दुसरा डॉक्टर बारा काय, आठ दिवसांत देतो!"

"घ्या मग त्याच्याकडून. पण माझ्या नावाचं एक पत्रक जरी वाटलंत तर तुमच्या ऑफिसात येऊन फाडीन. गिऱ्हाइकांसमोर."

"अशानं दवाखाना चालत नसतो, डॉक्टर."

"नाही चालला तर खुर्ची विकीन. खोटं बोलून नाही चालवणार."

तोंडावर बोलले खरं, पण ते गेल्यावर गाळ्याच्या भाड्याचा हिशोब काढून बसले. माझा ताठाच जास्त आहे का? चांगली बाई, चांगलं काम, बारा दिवस. केलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? हळू बोलता येतं ना माणसाला. मला येत नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. ती चहात भाकरी कुस्करून खात होती. हल्ली तेच खाते, म्हणे बरं वाटतं. मला म्हणाली, "बराबर केलंस तू. खोटं लपत न्हाई." आणि उठून मागे चूळ भरायला गेली. आई पाठीशी असली की मला कोणाची भीती वाटत नाही.

भाजीत मात्र तिखट नावालाही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, दादांना ॲसिडिटी झालीय. दादा, म्हणजे माझे वडील, शिफ्टवरून येऊन जेवत होते. म्हणाले, "मला? कवापासून?" आईने असं बघितलं की ते गप्प जेवले.

२३ जानेवारी, गुरुवार

मीनाताई परत आल्या. एकट्या, रिक्षाने.

"त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मी तोंड उघडायच्या आत ते हो म्हणाले," खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला तेच आवडलं नाही. आता नीट सांगा. घाबरवू नका, सांगा."

तासभर सांगितलं. काय होईल, काय होऊ शकतं, काय माझ्या हातात नाही. वहीवर चित्र काढून. त्यांनी प्रश्न विचारले, वकिलासारखे. प्रवासात सूज आली तर? औषधाची ॲलर्जी निघाली तर? माहिती नव्हतं तिथे मी माहिती नाही म्हटलं.

मग त्याच बोलायला लागल्या. वर्षभर पुढच्या दातांनी घास तोडलेला नाही. "ब्रेड चहात बुडवायचा. पार्टीत गेलं की पोट भरलंय म्हणायचं. तिखट लागलं की आग व्हायची, मग घरात सगळ्यांचंच तिखट बंद केलं. म्हटलं डॉक्टरांनी नवऱ्याला नको सांगितलंय. अहो, त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही!" हसल्या, आणि हात परत तोंडावर गेला.

मी म्हटलं, माणूस इतकं कसं लपवू शकतं घरात? आणि घरच्यांना दिसत कसं नाही?

"लपवणाऱ्याला सगळं जमतं, डॉक्टर. आणि घरचे कुठे तोंडाकडे बघतात? ताटाकडे बघतात."

ठरलं ते असं: दोन दात काढायचे, एकाला रूट कॅनॉल, आणि लग्नापुरते काढता-घालता येणारे दात. सोबत एक्स-रे आणि तिकडच्या डॉक्टरसाठी पत्र. पक्कं काम तीन महिन्यांनी, तिथे किंवा इथे.

"लग्नात नाचता येईल?"

"खुशाल नाचा. फक्त ऊस खाऊ नका."

३० जानेवारी, गुरुवार

दोन्ही दात निघाले, रूट कॅनॉल झालं. मधे एकदा लाईट गेली तेव्हा मीनाताई तोंड उघडं ठेवून वीस मिनिटं शांत बसल्या. मीच घामाघूम. आज दात बसवले. आरशात बघितलं, मग हसल्या. हात वर यायला निघाला आणि अर्ध्यावरून परत मांडीवर गेला. बाई गं, मला रडू येईल असं वाटलं. येऊ दिलं नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, "रविवारी जेवाया आन त्यांना. बगू तरी तुजी मेमसाब." मी म्हटलं, त्या आपल्याकडे जेवतील का? आई म्हणाली, "न्हाई जेवल्या तर त्यांचं त्यांच्यापाशी. आपुन इचारावं."

२ फेब्रुवारी, रविवार

आज सगळं लिहूनच झोपणार.

मीनाताई आल्या. खाली चटईवर मांडी घालून बसल्या. तांब्यातलं पाणी आधी घटाघटा प्यायल्या, मग ताटाकडे बघितलं. आई आणि मी दोघी तेच बघत होतो, आणि दोघींनी तसं दाखवलं नाही. ज्वारीची भाकरी, भरीत, ठेचा. नव्या दातांनी भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी सावकाश चावला. आई खूश. आग्रह करकरून वाढलं.

मग आई स्वतः जेवायला बसली. भाकरी वरणात कुस्करली. ठेचा ताटात घेतलाच नाही. उजव्या बाजूने, हळू. मीनाताईंचा हात थांबला.

हात धुवायला मी त्यांना मागच्या नळावर नेलं. तिथे हळूच म्हणाल्या, "अक्षता, तुझी आई माझ्यासारखी जेवते गं."

मला अर्थच लागला नाही. म्हटलं, म्हणजे?

"डावीकडे घास जाऊ देत नाही. तिखटाला हात लावत नाही. मी वर्षभर हेच केलंय, मला दुरून ओळखू येतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू मला विचारलंस ना, परत गेल्यावर तुमच्या तोंडात कोण बघणार? तिच्या तोंडात कोण बघतं?"

मी तशीच घरात गेले. आई भांडी घासत होती. फळीवरचे डबे खाली काढले. मिठाच्या डब्यामागे पुडी होती. गुळगुळीत कागदाची. उघडली. काळी भुकटी. कागदावर "नवी बत्तीशी!" आणि माझं अर्धं नाव.

कोरा ब्रश. कमी होणारी पत्रकं. दादांची ॲसिडिटी. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी या डायरीत तिचं कौतुक लिहीत बसले! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आईला म्हटलं, चल दवाखान्यात. ती म्हणाली, "जा तू. मला काम हाय." मी पुडी पुढे धरली. ती खाली बसली. मग तीच भडकली, "तीस वर्सं लावली! शपथ घेतली म्हनून सुटती का? सकाळी उठलं की डोकं फुटाया लागतंय. दोन दिस न्हाई लावली, तिसऱ्या दिशी शेजारच्या भिमाबाईकडून चिमूट मागून आनली."

"मग सांगायचं ना मला!"

"काय सांगू? डाक्टरनीची माय मशेरी लावती? तुज्या दवाखान्यात कोन आलं असतं?"

ही बाई तोंडातली आग चार महिने गिळत होती, माझी पाटी खराब होऊ नये म्हणून. बोहनीचं ते सगळं नाटक. त्या दिवशी खुर्चीत बसली असती तर मला दिसलं असतं, आणि तेच तिला नको होतं.

दादा दारात चप्पल घालत होते. म्हणाले, "तिचं तोंड मला तीस वर्सांत बंद करता आलं न्हाई. तू उघडाया निघालीस. बघ जमतंय का." पण आवाज हसण्याचा नव्हता. आईचा हात धरून रिक्षापर्यंत तेच घेऊन आले.

खुर्चीत बसवलं. दिवा लावला. आईच्या तोंडात मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. डाव्या गालाच्या आत, जिथे ती भुकटी धरून ठेवते तिथे, चार आण्याएवढा पांढरा चट्टा. मधे लाल खरखरीत ठिपका. बोट लावलं तर कड टणक.

हे मी पुस्तकात बघितलंय. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल मीनाताई गेल्या. जाताना म्हणाल्या, "आईंना घेऊन ये तिकडे. आमच्याकडे राहा. मोठी हॉस्पिटलं आहेत." मनापासून म्हणाल्या. आज उदयसिंहही खाली आले, मान खाली घालून. "काकूंचं तिकीट मी करतो, डॉक्टर. बाहेर दाखवू. इथं कशाला रिस्क?" मी चहा पुढे केला. आज त्यांना फोन आठवला नाही. कप रिकामा करून गेले.

खरं सांगते, मन डळमळलं. परदेश म्हटलं की आपल्याला वाटतंच, तिथे मरणसुद्धा चुकवत असतील. मग मी तीच वही काढली, मीनाताईंसाठी चित्र काढलेली, आणि स्वतःला तेच प्रश्न विचारले. तिथले डॉक्टर असं तोंड किती वेळा बघतात? आईला काय दुखतंय ते ती कोणत्या भाषेत सांगणार? आणि परत आल्यावर महिन्या-महिन्याला कोण बघणार?

आज परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेलं. तिथल्या सर्जननी बॅटरीने अर्धा मिनिट बघितलं आणि कड नेमकी कुठपर्यंत गेलीय ते बोटाने दाखवलं. विचारलं तर म्हणाले, सकाळपासून असली तीस तोंडं झाली. बाहेरच्या बाकांवर आमच्या वस्तीतल्यासारख्याच बाया. ही ख्याती काही मिरवायची नाही, पण हात इथे बसलाय तो तिथे नसेल. तुकडा तपासायला घेतला.

बसमध्ये आईला विचारलं, इंग्लंडला न्यायचं का तुला?

गालात कापूस होता तरी बोललीच. "लेकीला दाखवाया चार महिनं लागले. आता सायबाला कुठं दाखवू?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

रिपोर्ट आला. अजून कॅन्सर नाही. पण वाट तिकडचीच आहे. चट्टा पूर्ण काढायचा, गुरुवारची तारीख दिलीय. वर्षभर थांबलो असतो तर जबडा गेला असता, असं सर्जन म्हणाले. पुढचंही काही लिहून देत नाहीत. परत येऊ शकतो. येऊ दे. मी आहे ना इथेच.

उरलेली पत्रकं दादांनी बंबात घातली. उदयसिंहांना नवीन मजकूर लिहून दिलाय: "किती दिवस लागतील ते तोंड बघून सांगू. काय बिघडू शकतं तेही सांगू." वाचून म्हणाले, असं वाचून कोण येईल? मी म्हटलं, येईल तो टिकेल.

संध्याकाळी आईला परत खुर्चीवर बसवलं. ड्रॉवरमधून कार्ड नंबर एक काढलं. तक्रार लिहिली. तपासणी लिहिली, मिलिमीटरमध्ये. सवय: मशेरी, तीस वर्षे. संमतीच्या जागी तिने साक्षरता वर्गात शिकलेली सही केली, एकेक अक्षर दाबून. ब-या-बा-ई. घाम आला तिला तेवढ्यात.

मग कार्डावर बोट ठेवून म्हणाली, "आता त्या सवयीम्होरं लिव, सोडली म्हनून."

मी पुढच्या तारखेच्या रकान्यात लिहिलं: रोज सकाळी, घरी, चहाच्या आधी.

"आन सोडली म्हनून कवा लिवशील?"

"रोज बघेन. मग लिहीन."

"आईवर इस्वास न्हाई व्हय गं तुजा?"

"नाही," मी म्हटलं. "आ कर."

तिने मला एक सणसणीत शिवी दिली, आणि तोंड उघडलं.